हंगाम संपतो, खोकला उरतो

दसरा-दिवाळी आटोपली की खानदेशच्या रस्त्यांवरून माणसांचे दोन प्रवाह एकमेकांस ओलांडून जाऊ लागतात. एक प्रवाह बाहेर जाणारा. साक्री, नवापूर, धडगाव, चाळीसगाव या भागांतील कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे यांसह मालमोटारीत बसून बारडोली-सुरतकडच्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. दुसरा प्रवाह आत येणारा. बडवानी, खरगोन, बऱ्हाणपूरकडून सातपुडा उतरून येणारे बारेला-भिल्ल आणि रेल्वेने येणारे बिहार-उत्तर प्रदेशचे तरुण जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कापसाच्या जिनिंगमध्ये, डाळमिलमध्ये, वीटभट्ट्यांवर आणि रावेर-यावलच्या केळीबागांत कामाला लागतात. जो मुलूख आपली माणसे परमुलखात पाठवतो तोच परमुलखाची माणसे आपल्याकडे राबवतो, हे खानदेशचे वैशिष्ट्य आहे. गुजरातेत आपल्या ऊसतोड मजुराचे बोट तुटले, तर तेथील कारखान्याने दवाखान्याचा खर्च द्यावा, घरी कळवावे, भरपाई द्यावी, असे येथील कोणीही सहज म्हणेल. तोच न्याय जळगावच्या जिनिंगमध्ये हात गेलेल्या बडवानीच्या पोराला लावण्याची वेळ येते तेव्हा मात्र वाक्य अर्ध्यावर थांबते.

बाहेर जाणाऱ्यांची कहाणी पुष्कळ सांगितली गेली आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली परिसरातील ऊसतोडीचा अभ्यास केला. त्यात खानदेशातून गेलेल्या मजुरांचे जिणे तपशिलाने आले आहे. पुरुष, त्याची स्त्री आणि मदतीला एखादे पोर मिळून होणाऱ्या टोळीला हिशेबाच्या वहीत ‘कोयता’ म्हणतात. माणसाची गणती त्याच्या हातातील हत्याराने करणारी ही भाषा आजही बदललेली नाही. आत येणाऱ्यांची कहाणी मात्र आपल्या दाराशी घडत असल्यामुळेच की काय, फारशी लिहिली गेली नाही.

रेच्याखालचे आयुष्य

जळगाव आणि धुळे ही कापसाची जुनी ठाणी. येथील जिनिंग कारखान्यांना सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचे पहिले पानच अस्वस्थ करणारे आहे. १८८४-८५ साली मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना समितीपुढे खानदेशातील रेचा-कारखान्यांविषयी साक्ष झाली. ऐन हंगामात पहाटे चार ते रात्री दहा असे अठरा तास बायामाणसे कामावर असत, त्यांना तीन-चार आणे रोज मिळे आणि इतके तास राबणाऱ्यांपैकी कित्येक मरत, असे त्या धंद्यातील जाणकारानेच समितीस सांगितले. हे बेकायदेशीर होते काय? मुळीच नाही. १८८१ चा पहिला कारखाने कायदा वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. कापसाचा हंगाम संपला की रेचे थांबत, म्हणून कायदाही त्यांच्या फाटकाबाहेर थांबे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सह्यांचे अर्ज त्याच समितीपुढे ठेवीत होते. खानदेशातील बायांसाठी असा अर्ज घेऊन कोणी उभे राहिल्याची नोंद आढळत नाही. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत येण्यास १९११ साल उजाडावे लागले.

हा इतिहास उगाळण्याचे कारण असे की, ‘हंगामी’ या एका शब्दाने घातलेली ती खोडी अद्याप सुटलेली नाही. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा पाहावा. आजारपणाची रजा, दवाखाना, अपघातानंतरचे निवृत्तिवेतन हे सारे देणारा हा स्वतंत्र भारतातील फार मोठा कायदा. तो ‘हंगामी कारखाने वगळून’ लागू झाला, आणि हंगामी कारखाना म्हणजे काय हे सांगताना त्याने जी यादी दिली तीत कापूस पिंजण्या-दाबण्याचा, म्हणजे जिनिंग-प्रेसिंगचा, उल्लेख अगदी आरंभी आहे. त्याच यादीत साखर आणि गूळही आहेत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुने नऊ कायदे एकत्र केले, परंतु हे वगळणे जसेच्या तसे ठेवले. एकशे चाळीस वर्षांत साम्राज्य गेले, राज्ये बदलली, पूर्व आणि पश्चिम खानदेश जाऊन जळगाव, धुळे व नंदुरबार झाले, वाफेचे इंजिन जाऊन वीज आली. पण जिनिंगच्या फाटकाशी विमा थांबतो तो थांबतोच.

जिनिंगमध्ये काय घडते हे ज्यांनी आत पाऊल टाकलेले नाही त्यांनी थोडे समजून घेतले पाहिजे. कापसाच्या गंजीतून माल रेच्यावर जातो. चामड्याचे रूळ आणि पोलादी पात्या यांच्या फटीतून रुई ओढली जाते, सरकी खाली पडते. पुढे रुई दाबून १७० किलोची गठाण बांधली जाते. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून अनेक ठिकाणी यंत्रे सुधारली. हवेने कापूस ओढणारे नळ आले, पट्ट्यावरून माल सरकू लागला. जेथे ते पोहोचले तेथे धूळ व धोका दोन्ही कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. जेथे पोहोचले नाही तेथे मात्र टोपल्याने कापूस टाकणारी बाई आणि फिरते रूळ यांत हातभर अंतर असते. तुंबलेला कापूस यंत्र बंद न करता हाताने मोकळा करण्याची सवय सगळीकडे असते, कारण यंत्र थांबले की मुकादम ओरडतो. बोटे जातात ती अशी. पट्ट्यात पदर किंवा ओढणी अडकते तीही अशीच. चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्याच्या अंगावर घट्ट कपडे असावेत आणि फिरत्या भागांना कठडे असावेत हा दंडक १९४८ च्या कारखाने कायद्यात होताच. भिंतीवर सूचनाही असते. ती मराठीत किंवा इंग्रजीत असते, आणि जिच्यासाठी ती लिहिलेली असते तिची भाषा बारेली असते. शिवाय ती वाचू शकत नाही, ही गोष्ट निराळीच.

अपघात निदान दिसतो तरी. रक्त सांडते, धावपळ होते, चार माणसे गोळा होतात. धुळीचे तसे नसते. कापसाच्या बारीक तंतूंनी छातीला जडणाऱ्या आजारास वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात. त्याची एक खूण मोठी विलक्षण आहे. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जरा बरे वाटते. म्हणून इंग्लंडातील गिरण्यांत त्यास सोमवारचा ताप म्हणत. आरंभी धुळीपासून दूर गेले की आराम पडतो. वर्षानुवर्षे हंगाम केले की तो दम कायमचा राहतो. आपल्या कायद्याने हा आजार व्यवसायजन्य मानला आहे आणि त्याबद्दल भरपाईही सांगितली आहे. पण भरपाई मिळण्यासाठी आजार ओळखला गेला पाहिजे. मजूर होळीच्या सुमारास भोंगऱ्याच्या बाजाराला घरी परततो, तेव्हा खोकत परततो. गावचा डॉक्टर त्यास क्षयाचे किंवा दम्याचे औषध देतो. तो कोठे काम करीत होता हे विचारण्याचे डॉक्टरास सुचत नाही, आणि जिनिंगच्या मालकास तो आजारी पडल्याचे कधी कळतच नाही. कारखान्याची वही स्वच्छ राहते.

ही केवळ शंका नव्हे. नर्मदेच्या पलीकडच्या तीरावर तिचे ढळढळीत उदाहरण आहे. नंदुरबार जिल्ह्याला लागून असलेला अलिराजपूर आणि त्याच्या शेजारचे झाबुआ व धार येथील आदिवासी गुजरातेत गोध्रा-बालासिनोर भागात गारगोटीचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत जात. दगडाच्या पिठाने त्यांची फुप्फुसे भरली आणि सिलिकोसिसने एकामागून एक माणसे गावी येऊन मेली. कारखाने एका राज्यात, मरण दुसऱ्या राज्यात. त्यामुळे जबाबदारी कोणाचीच नव्हती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकी तीन लाख रुपये देण्यास गुजरात सरकारला सांगितले. ते पैसे द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०१६ मध्ये द्यावा लागला. मधल्या काळात किती विधवांनी किती खेटे घातले असतील याची कल्पना ज्यांनी एखाद्या कचेरीत साध्या दाखल्यासाठी दोन वाऱ्या केल्या आहेत त्यांना करता येईल. जी माणसे तेथे मेली आणि जी धडगाव-चोपड्याच्या वाटेने आपल्याकडे उतरतात ती एकाच गोतातील आहेत.

सीमारेषेचा कायदा

परमुलखातून आलेल्या मजुरासाठी देशात कायदा नव्हता असे नाही. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. राहण्यास जागा, मोफत औषधोपचार, थंडीवाऱ्यापासून बचावाचे कपडे आणि घर सोडल्याबद्दलचा विस्थापन भत्ता या गोष्टी ठेकेदारावर बंधनकारक करणारा तो कायदा वाचताना मन प्रसन्न होते. मजुराचा मृत्यू झाला किंवा त्यास गंभीर इजा झाली तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि नातेवाइकांना कळवावे, असेही त्यात होते. कायद्याच्या पुस्तकात आणि वीटभट्टीवरच्या झोपडीत जे अंतर असते ते याही कायद्याच्या वाट्याला आले. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सरकारला आपल्या हद्दीत परराज्यांतील किती माणसे आहेत हे ठाऊक नव्हते. त्या वर्षी ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातील ही माणसे चालत निघाली होती ती भुसावळला. तेथून घरी जाणारी गाडी मिळेल अशी त्यांची आशा होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९७९ चा कायदा व्यवसायसुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विरून गेला. नव्या संहितेत काही चांगले आहे. ठेकेदाराविना, आपण होऊन आलेला मजूरही आता स्थलांतरित मानला जाईल. त्याचे मासिक वेतन १८ हजारांहून अधिक नसावे इतकीच अट आहे. गावी जाण्या-येण्याचा भत्ता आहे. मृत्यूची खबर दोन्ही राज्यांस देण्याचे कलम टिकले आहे. परंतु पूर्वी पाच स्थलांतरित असले तरी कायदा लागू होई, आता दहा लागतात. विस्थापन भत्ता गेला. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगार नसतील तर त्यास ‘कारखाना’ म्हणता येणार नाही. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी होईल, असे केंद्र सरकारने जाहीर केले. ही गोष्ट स्वागतार्ह खरी, पण हंगामाला येणारा मजूर बहुधा अठरा ते पस्तिशीचा असतो. चाळिशीपर्यंत त्याची छाती कामातून गेलेली असते आणि मुकादम त्यास पुन्हा बोलावीत नाही.

या कायद्याचा खानदेशपुरता आणखी एक चमत्कार आहे. सातपुड्याच्या एका उतारावरचा पावरा महाराष्ट्राचा आणि दुसऱ्या उतारावरचा बारेला मध्य प्रदेशचा. दोघांचे सोयरसंबंध एक, देव एक, बोली एक. दोघे एकाच केळीबागेत सालदार म्हणून आखाजीला राहिले किंवा एकाच जिनिंगमध्ये लागले, तर बडवानीचा माणूस आंतरराज्य स्थलांतरित ठरतो आणि धडगावचा ठरत नाही. धडगावचा मजूरही घरापासून दीड-दोनशे किलोमीटर दूर येतो, तोही पत्र्याच्या शेडमध्ये कापसाच्या गंजीशेजारी झोपतो, त्याचीही शिधापत्रिका गावी राहते. केवळ राज्याची रेघ त्याने ओलांडली नाही म्हणून तो कायद्याला दिसत नाही. जिल्ह्याबाहेर हंगामास जाणाऱ्या प्रत्येक मजुरास हेच संरक्षण लावणे राज्य सरकारच्या अधिकारातील गोष्ट आहे. त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही.

मजुराच्या कामाची जागा कोठे सुरू होते आणि कोठे संपते हाही प्रश्न येथे विचारला पाहिजे. १४ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेली मालमोटार उलटली आणि किमान पंधरा मजूर त्या फळांखाली दबून मेले. धुळे जिल्ह्याकडून पपई भरून ही रावेर तालुक्यातील माणसे घरी परतत होती, आणि परतत होती ती आपणच भरलेल्या मालावर बसून. दप्तरी या घटनेची नोंद रस्त्यावरील अपघात अशी होते. वास्तविक फळे तोडणे, भरणे आणि त्याच गाडीवर बसून परतणे हे एकच काम आहे, आणि ते काम देणारा व्यापारी व नेणारा ठेकेदार त्या गाडीइतकेच त्या मृत्यूशी बांधलेले आहेत. कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच मानावा, असे नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने म्हटले आहे. या एका तरतुदीचा उपयोग जरी नीट झाला तरी खानदेशातील पुष्कळ विधवांचे दावे उभे राहतील.

कारखान्यांतील मोठे अपघात घडले की काही दिवस वर्तमानपत्रे भरतात. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यात वाघाडी येथील रसायन कारखान्यात स्फोट झाला. किमान तेरा माणसे मेली, पन्नासांहून अधिक जखमी झाली. मंत्री आले, मदत जाहीर झाली, चौकशी लागली. त्यात गैर काही नाही. पण मोठ्या स्फोटात मरणाऱ्यांस मिळणारी ही मदत एकेकट्याने मरणाऱ्यांस मिळत नाही. चिमणीच्या धुरात वीट भाजणारी बाई, ४५ अंशांच्या उन्हात डोक्या-खांद्यावर केळीचे घड वाहून चक्कर येऊन पडणारा माणूस, तोंडाला फडके बांधून कापसावर विष फवारणारा पोर यांच्यासाठी कोणी मंत्री येत नाही.

माथाडीचा धडा

कारखानदारांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. खानदेशातील जिनिंगवाले म्हणजे कोणी बडे गिरणीमालक नव्हेत. बोंडअळीने कापूस घटतो, सरकीचे आणि रुईचे भाव रात्रीतून बदलतात, हंगाम चार-सहा महिन्यांचा. इतक्या काळासाठी विमा, दवाखाना, वसाहत कोठून करणार, असा त्यांचा सवाल असतो. एकेकट्या मालकापुरता तो खराही आहे. पण यास उत्तर महाराष्ट्रानेच १९६९ मध्ये शोधून ठेवले आहे. हमालाचे तसेच होते. आज या आडतीत, उद्या त्या गुदामात. मालक कोण हेच ठरत नसे. माथाडी कायद्याने मालक शोधण्याचा नादच सोडला. मंडळ स्थापले, हमालाची नोंद मंडळाकडे केली, प्रत्येक मालकाकडून मजुरीच्या प्रमाणात लेव्ही घेतली आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, सुटी, औषधपाणी दिले. मालक बदलला तरी हमालाचा हक्क बदलत नाही. हीच पद्धत जिनिंगच्या गठाणीला, केळीच्या गाडीला, विटांच्या हजाराला लावता येईल. एका गठाणीमागे बसणारे काही रुपये कोणाचा धंदा बुडवणारे नाहीत, आणि सर्वांनाच द्यावयाचे असल्याने प्रामाणिक मालकास तोटाही होत नाही.

यात शाळामास्तर, ग्रामसेवक आणि कारकून यांचा वाटा वाटतो त्याहून मोठा आहे. कोणती कुटुंबे कधी, कोणत्या मुकादमाबरोबर, कोठे गेली ही माहिती गावात सर्वांत आधी शिक्षकाला होते, कारण त्याच्या पटावरची मुले नाहीशी होतात. स्थलांतरित कुटुंबातील मुलाला शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत राज्यात आहे; ते पत्रक घेऊन मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकते. त्याच कागदाच्या पाठीवर आईबापांचे काम, मुकादमाचे नाव आणि ठिकाण लिहिले, आणि त्याची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली, तर खोकत परतलेल्या मजुरास डॉक्टर निदान योग्य प्रश्न तरी विचारील. असंघटित कामगारांच्या नोंदीसाठी केंद्राने २०२१ मध्ये ई-श्रम ही व्यवस्था काढली आहे, पण तीत माणूस कोण हे समजते. या हंगामात तो कोणाच्या छपराखाली झोपतो हे समजत नाही.

भरपाईच्या कायद्यात एक बदल १९९५ साली झाला, तो मात्र आजही फार थोड्यांना माहीत आहे. तोपर्यंत मृताच्या वारसास, जेथे अपघात झाला तेथेच दावा लावावा लागे. बडवानीच्या बाईने जळगावला हेलपाटे घालावे हे होणारे नव्हते, आणि ठेकेदार त्यावरच विसंबून असे. आता ती जेथे राहते तेथील आयुक्ताकडे अर्ज करता येतो. विम्याच्या कक्षेबाहेर असलेल्या जिनिंग मजुरालाही हा कायदा लागू आहे. अर्जाला लागतो तो मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि तो माणूस त्या ठिकाणी कामाला होता हे सांगणारा एखादा कागद: मजुरीची चिठ्ठी, मुकादमाच्या वहीचे पान, उचलीची पावती. ती चिठ्ठी हंगामाच्या पहिल्याच दिवशी मजुराच्या हाती पडली पाहिजे. यंदाचा कापूस जिनिंगच्या आवारात येऊन पडेल त्याच्या आधी जिल्हा प्रशासनाने प्रत्येक कारखान्याकडून एवढे तरी करवून घ्यावे.